लगेच बरं म्हटलं

फोंडा, १२ डिसेंबर २०२१, रविवार

काल रात्री मनू फोनवर म्हणाली, "आई, तू येऊ नकोस." आणि मी "बरं" म्हटलं. एवढंच झालं. मग ती तिथल्या थंडीबद्दल बोलली, मी सोलं संपली का ते विचारलं, ह्यांनी नेहमीप्रमाणे कॅमेऱ्यात फक्त कपाळ दाखवलं. फोन ठेवला, दिवा मालवला, झोपले. झोपही लागली. पहाटे जाग आली तेव्हा मात्र पुन्हा डोळा लागला नाही. मी इतक्या लगेच बरं कसं म्हटलं?

निदान एकदा तरी "असं कसं, मी येणारच" म्हणायचं. कोणतीही आई म्हणते. तिच्या बाळंतपणासाठी तिकीट काढलेलं आहे, १८ तारखेचं, दाबोळी ते मुंबई आणि तिथून लंडन. व्हिसा लागलाय. डिंक, अळीव, खारीक, बाळंतशेपा सगळं आणून डब्यांत भरलंय. मांयच्या, म्हणजे सासूबाईंच्या, जुन्या लुगड्यांची दुपटी शिवून झालीत. ही एवढी तयारी करणारी बाई लेकीच्या एका वाक्यावर गप्प बसते, याला काय म्हणायचं?

आणि गप्प बसून तिला हायसं वाटतं. हे लिहायला नको वाटत होतं, पण वही माझी आहे. मला हायसं वाटलं. खांद्यांपर्यंत जाणवलं.

विमानच रद्द झालं असतं तर बरं झालं असतं, असंही सकाळपासून मनात येतंय. २६ नोव्हेंबरला बातमी आली की १५ डिसेंबरपासून नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानं सुरू होणार. मार्च २०२० पासून बंद होती, आम्हाला वाटलं सुटलो. त्याच दिवशी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडच्या विषाणूच्या नव्या प्रकाराला ओमिक्रॉन नाव दिलं, आणि १ डिसेंबरला ती १५ तारीख मागे घेतली गेली. पण माझं तिकीट एअर बबलमधलं, म्हणजे दोन देशांनी आपसांत ठरवून चालू ठेवलेल्या विमानांपैकी. ते विमान जाणारच आहे. म्हणजे मला कुणी अडवलेलं नाही. सरकारने नाही, विमानाने नाही. लसही कोविशिल्डच, दोन्ही डोस, आणि आपलं प्रमाणपत्र तिथे ऑक्टोबरपासून चालतं. ह्यांची कोवॅक्सिन राहिली होती, तीसुद्धा ब्रिटनने २२ नोव्हेंबरपासून मानली. एकेक दार उघडत गेलं तेव्हा मी प्रत्येक वेळी देवापुढे साखर ठेवली. मग आता?

कारणं शोधायला बसले तर कारणं हवी तेवढी आहेत. ७ तारखेपासून ब्रिटनने निघण्याआधी अठ्ठेचाळीस तासांच्या आतली चाचणी सक्तीची केली. पोचल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत पुन्हा पीसीआर, आणि निकाल येईपर्यंत खोलीतून बाहेर यायचं नाही. मनूच्या घरात न्हाणीघर एकच. तिला आठवा महिना. शेवटच्या महिन्यांत कोविड झाला तर बाईला जास्त जड जातो, दिवस पुरे होण्याआधी बाळंत होण्याची भीती असते, हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी मुंबईच्या विमानतळावर पाच-सहा तास बसून, मग विमानात नऊ-दहा तास बसून, कुणाचं काय अंगावर घेऊन तिच्या दारात उभी राहायची? येतानाही तेच. ब्रिटन आपल्या धोक्याच्या यादीत, म्हणून विमानतळावर चाचणी, निकालापर्यंत थांबा, सात दिवस घरात वेगळं राहा, आठव्या दिवशी परत चाचणी. त्याच घरात मांय. मांयला काही झालं तर...

ही सगळी कारणं खरी आहेत. पण काल रात्री "बरं" म्हणताना यातलं एकही माझ्या मनात नव्हतं. तिथेच घोडं अडतंय. कारणं मी पहाटे गोळा केली, हायसं त्याआधीच वाटून गेलं होतं.

सकाळभर स्वतःची कीव येत होती. काय मागितलं होतं मी? पहिलटकरीण माहेरी येते, इतकी साधी गोष्ट. माझ्या वेळी माशेलला आईने चाळीस दिवस खाटेवरून पाय खाली टेकू दिला नव्हता. तेल, कढत पाणी, खाटेखाली शेगडी, ओव्याची धुरी. मी वैतागायचे, ती ऐकायची नाही. मनूला यातलं काय मिळालं? तिला दिवस राहिले तेव्हा भारत त्यांच्या लाल यादीत. एप्रिलपासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत इकडून परत जाणाऱ्याला दहा दिवस हॉटेलात डांबून घेत होते, तेही त्याच्याच खर्चाने. मग यादी उठली तेव्हा तिला प्रवास नको असं तिथल्या सुईणबाईंनी सांगितलं. गरोदर लेकीला फुलं माळायचा सोहळा, तोही व्हिडिओवर. मोगऱ्याचा वळेसर मी इथे हातात धरला आणि तिथे तिने दुकानातली कसली तरी पांढरी फुलं डोक्याला लावली. ह्यांनी आरती म्हटली ती अर्धा सेकंद उशिरा पोचत होती. सगळ्यांच्या मुलींचं सगळं झालं, माझ्याच वेळी जग बंद पडायचं होतं.

वहिनी दुपारी आली तेव्हा तिला सांगितलं. ती म्हणाली, "जावंच लागतं गं, लेकीचं बाळंतपण आहे." तिचंही बरोबर. तिच्या तोंडून "जावंच लागतं" आलं आणि मला एकदम माझा भाऊ, भाई, आठवला. तिलाही आठवला असणार, कारण ती उठून स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेली आणि बराच वेळ आली नाही.

भाईच्या त्या मे महिन्याबद्दल मी या वहीत लिहिलेलं नाही. आजही लिहीत नाही. एवढंच की मी अर्ध्या तासाच्या वाटेवर होते. ९ मेपासून संचारबंदी होती, पण परवानगी मिळत होती, गाडी दारात होती, ह्यांनी किल्ली हातात घेतली होती. आणि तरीसुद्धा.

त्यानंतर मी कुठे मुक्कामाला गेलेले नाही हे आज प्रथमच लक्षात आलं. माशेलला गेले, संध्याकाळी परत. म्हापशाच्या लग्नाला गेले, जेवण न घेता परत. गणपतीला नणंदेकडे एक रात्र राहायचं ठरलं होतं, मी मांयचं निमित्त काढलं. मला वाटत होतं मी आजाराला भिते. मी आजाराला भीत नाही. एकदा जोरात झालाय, बघितलाय. मला भीती वाटते ती लांब असण्याची. काहीतरी होईल, फोन येईल, आणि मी तिथे असेन जिथून येता येत नाही. शेजारच्या काणकोणकरांचा मुलगा एप्रिल २०२० मध्ये मुंबईच्या किनाऱ्यापुढे जहाजावर अडकला होता, इतर तारवट्यांसारखा, म्हणजे बोटीवर काम करणाऱ्यांसारखा. जमीन दिसत होती म्हणे. त्याची आई रोज आमच्या गेटवर येऊन विचारायची, बातम्यांत काही सांगितलं का. तेव्हा मी तिला धीर द्यायचे. "दिसतंय म्हणजे जवळच आहे हो," असं म्हणायचे. आता ते वाक्य आठवलं की बरं वाटत नाही.

म्हणजे मनूने "येऊ नकोस" म्हटलं आणि माझ्यावरची ती लांब जाण्याची पाळी टळली. हायसं त्याचं वाटलं. पण मग हेही खरं की मनूच्या बाबतीत काही झालं तर मी इथे लांबच आहे. सात-आठ हजार किलोमीटर लांब. इथे बसले म्हणून मी जवळ कशी झाले? भीतीला एवढा हिशेब येत नाही. तिला फक्त आपलं घर, आपलं गेट, मांयची खोली एवढंच दिसतं.

आणि मनूने ते फोनवर ओळखलं का, हा काटा तर निघतच नाही. ती लहानपणापासून माझा आवाज ओळखते. मी रागावलेय की दमलेय हे तिला दाराबाहेरून कळायचं. काल तिने "येऊ नकोस" म्हटलं ते तिला मी नको म्हणून, की मला जमणार नाही हे तिला कळलं म्हणून? आठ महिन्यांची पोटुशी पोर आईला सांभाळून घेत होती का? तसं असेल तर... तसं असू नये.

मांयला संध्याकाळी सांगितलं. तिला वाईट वाटेल म्हणून दिवसभर टाळलं होतं, कारण नोव्हेंबरात तिच्याच आग्रहाने म्हार्दोळला म्हाळसेला कौल लावला होता आणि पाकळी उजवी पडली होती. जा, म्हणून. मी भीतभीत म्हटलं, "मांय, देवीने हो म्हटलं होतं, आता कसं करायचं?" तिने जपमाळ थांबवली नाही. म्हणाली, "जायचं की नाही ते विचारलं. कधी जायचं ते कुठे विचारलं?"

मी किती वेळ तिच्याकडे बघत राहिले. ऐंशी ओलांडलेली बाई, महामारीतून दोनदा उठलेली, आणि तिला हे इतकं सरळ दिसलं. मला आपलं १८ तारीख म्हणजे शेवटची होडी वाटत होती.

मग बसून मोजलं. दिवस भरतात ते जानेवारीच्या मध्यावर. इस्पितळात तसंही एकालाच आत सोडणार, आणि सगळं नीट असलं तर दुसऱ्या दिवशी घरी पाठवतात. नंतर सुईणबाई घरी येऊन बघून जाते. जावयाला रजा दोन आठवड्यांची. शेजारची ती कुडतरीची बाई, जी मनूला रविवारी पेज आणून देते, तिने नाचणीचं तिझान आपण करून देईन असं आधीच सांगितलंय. (तिचं नाव निघालं की माझ्या पोटात थोडं काहीतरी होतं. असो. देव तिचं भलं करो.) म्हणजे पहिले पंधरा दिवस माणसं आहेत. खरी ओढ लागेल ती जावई कामावर परत गेल्यावर, फेब्रुवारीत. तोवर ओमिक्रॉन काय रूप घेतो तेही कळेल. तिकिटाची तारीख बदलून मिळते, ह्यांनी एजंटला विचारलं.

सामान मात्र अडकवून ठेवायचं नाही. कुंकळ्ळीचा एक मुलगा २० तारखेला स्विंडनला परत जातोय, पाच किलो न्यायला तयार आहे. दुधातुपाचं तिथे नेऊ देत नाहीत, म्हणून लाडू वळून पाठवायचा विचार सोडला. डिंक, अळीव, खारकेची पूड सुटं पाठवायचं, तूप त्यांनी तिथलं घ्यायचं, आणि डिंक तळण्यापासून लाडू वळण्यापर्यंत जावयाला मी व्हिडिओवर सांगायचं. तो इंजिनिअर आहे, प्रमाण विचारून विचारून मला भंडावणार. विचारू दे. आनंदाने सांगेन. दुपटी पाचही पाठवते. वेखंड राहिलंय, उद्या बाजारात बघायचं.

हे सगळं लिहून झाल्यावर जीव थोडा जागेवर आला आहे. पण तारीख बदलायला एजंटला अजून हो म्हटलेलं नाही. आधी मनूशी बोलायचंय. फेब्रुवारीचं सांगायचं नाही, चाचण्यांचं नाही, मांयचं नाही. एकच विचारायचं: तुला मी आत्ता हवी आहे का? हवी असेन तर १८ तारखेला मी विमानात बसते. भीती वाटेल ती माझी मी बघेन. आणि नको असेन तर तू नको म्हटलंस म्हणून नव्हे, मी ठरवलं म्हणून थांबते. थांबल्याचा भार तिच्याकडे राहायला नको.

उद्या सोमवारपासून त्यांच्याकडे पुन्हा घरून काम सुरू होतंय. इथे साडेबारा होतात तेव्हा तिथे सात. ती उठलेली असेल, कामाला बसली नसेल. ह्यांना सांगून ठेवलंय, पहिली दहा मिनिटं मी एकटी बोलणार.