सारणातले पाणी

आमच्याकडे जेवायला आलेल्यांपैकी कोणी ना कोणी हा प्रश्न विचारतेच, आणि ज्यांनी स्वतः करून पाहिलेले असते ते जरा हिरमुसूनच विचारतात: "तुमच्या पोर्क डंपलिंगचा घास घेतला की आतून रस येतो, आमचे सारण मात्र सुक्या गोळीसारखे घट्ट होऊन बसते. असे का?" खरे तर उत्तर एकाच शब्दाचे आहे: पाणी. पण तेवढे सांगून भागत नाही, कारण मांसात पाणी घातले तर सारण पातळ होणार नाही का, हा पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो. म्हणून एकदा नीट लिहून ठेवते आहे.

आधी एक खुलासा करते. मी करते ते मोमो नव्हेत. ते उत्तर चीनमधले 'ज्याओझ' आहेत, वाफेवर न ठेवता उकळत्या पाण्यात शिजवायचे. 2010 ते 2013 अशी तीन वर्षे आम्ही बीजिंगमध्ये हायत्येन भागात राहत होतो. आमच्या समोरच्या दारात साठीच्या एक बाई राहत. ओळखीच्या वडीलधाऱ्या बाईला तिकडे 'आयी' म्हणतात. अर्थ मावशी किंवा काकू असाच काहीसा. मराठी कानाला त्या शब्दाने पहिल्याच दिवशी किती धीर दिला असेल, ते वेगळे सांगायला नको. नोव्हेंबरच्या मध्यावर घराघरांतल्या उष्णतेच्या नळ्या तापू लागत आणि त्याच सुमारास आमच्या जिन्यात लांबट चिनी कोबीच्या गड्ड्यांच्या चळती उभ्या राहत. हिवाळाभर पुरायची ती बेगमी असे. डुकराचे मांस आणि हा कोबी, एवढ्याच सारणाचे ज्याओझ आयींनी मला शिकवले. डिसेंबरातल्या सर्वांत लहान दिवशी ते खाल्ले नाहीत तर थंडीने कान गळून पडतात, असे त्या अगदी गंभीरपणे सांगत आणि वाटी माझ्या हातात देत.

मांस खांद्याचे घ्यावे आणि त्यात दहा भागांत तीन भाग चरबी असावी. पुण्यात मला याच बाबतीत सर्वांत जास्त समजावून सांगावे लागते. गिऱ्हाइकाचे भले व्हावे म्हणून दुकानदार चरबी कापून बाजूला काढतो आणि निव्वळ लाल मांसाचा खिमा हातावर ठेवतो. त्या खिम्याचे सारण कोरडेच होणार. तुमची निम्मी तक्रार तिथेच जन्माला येते. गोव्याच्या माणसाला हे सांगावे लागत नाही, कारण सोरपोतेल करणाऱ्या घरात चरबीला कोणी नावे ठेवत नाही. जमल्यास मांस घरी जड सुरीने बारीक करावे. यंत्रातूनच काढायचे असेल तर एकदाच काढावे, त्याचा लगदा होऊ देऊ नये.

आता पाण्याकडे येते. अर्धा किलो मांसाला साधारण 120 मिलिलिटर पाणी लागते. पण पाण्याआधी मीठ घालायचे असते, हे फार जणांना ठाऊक नसते. एक छोटा चमचा मीठ, दोन मोठे चमचे सोया सॉस आणि किसलेले आले घालून मांस एकाच दिशेने ढवळत राहायचे. मिठामुळे मांसातली प्रथिने, विशेषतः मायोसिन, सुटी होऊन बाहेर येतात आणि ढवळण्याने एकमेकांत गुंतून चिकट जाळे तयार करतात. त्या जाळ्यात पाणी अडकते. शिजताना मांस आक्रसते तेव्हा एरवी जो ओलावा पिळून निघून गेला असता, तो या जाळ्यामुळे आतच राहतो. मीठ न घालता पाणी घातले, तर त्याला धरून ठेवणारे काहीच नसते.

माझ्या पहिल्या प्रयत्नात मी सगळे पाणी एकदम ओतले होते. मांसाचे गोळे पाण्यात तरंगू लागले, ते पाणी पाऱ्यांना लागले आणि एकही कड मिटेना. आयींनी भांडे माझ्या हातून घेतले, पाणी निथळून टाकले आणि दुसरे भांडे पुढे ठेवून चमच्याने पाणी मोजून घालायला लावले. एक चमचा घातला की मांस क्षणभर निसरडे होते, चमच्यापासून सुटून भांड्याच्या कडेला घसरते आणि तळाशी पाणी चमकताना दिसते. वीस-पंचवीस वळसे घेतले की ते पाणी नाहीसे होते आणि मांस पुन्हा चमच्याला धरते. मग दुसरा चमचा घालायचा. सहा-सात चमचे जिरले की रंग लालसरावरून फिकट गुलाबी होतो, ढवळण्याचा आवाज जड होतो आणि भांड्याच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू ताणलेले दिसतात. सारणात उभा रोवलेला चमचा कलला नाही, म्हणजे झाले. याला दहा-बारा मिनिटे लागतात आणि हात भरून येतो; त्याला दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

बीजिंगच्या थंडीत एक गोष्ट आपोआप साधत होती, तिचे महत्त्व मला पुण्याच्या एप्रिलमध्ये कळले. मांस गार असले पाहिजे. ते कोमट झाले की चरबी विरघळू लागते, प्रथिनांना तेलकट लेप बसतो आणि जाळे धरत नाही. म्हणून मी आता मांस आणि पाणी दोन्ही फ्रिजमधून काढते आणि भांडे बर्फाच्या परातीत ठेवून ढवळते.

हे पाणीही साधे नसते. आयी त्यात 'ह्वाज्याओ' म्हणजे चिनी मिरी भिजवून ठेवत. त्याने डुकराच्या मांसाचा उग्र वास जातो. इकडे आल्यावर ती मिरी संपली आणि काही दिवस मी नुसत्या आल्याच्या पाण्यावर भागवले. मग एकदा बांगड्याच्या आमटीसाठी तिरफळे काढताना तोच वास आला आणि जिभेला तशीच झिणझिणी आली. दोन्ही झाडे एकाच कुळातली आहेत. तेव्हापासून मी आठ-दहा तिरफळे बिया काढून गरम पाण्यात भिजवते आणि ते पाणी पूर्ण गार करून, गाळून वापरते. तिरफळाला लिंबाच्या सालीचा वास अधिक असतो, आणि मला तो या सारणात मनापासून आवडतो.

इथे नेहमी एक शंका येते, आणि ती रास्त आहे: कोबीचे पाणी पिळून काढायचे आणि मांसात पाणी घालायचे, हे उलटे नाही का? कोबीतले पाणी मोकळे असते; मीठ लागले की ते सुटते आणि पारी भिजवते. मांसातले पाणी बांधलेले असते. म्हणून 600 ग्रॅम कोबी बारीक चिरून, मीठ लावून वीस मिनिटांनी घट्ट पिळायचा, त्यावर दोन चमचे तिळाचे तेल चोळायचे आणि मगच तो मांसात मिसळायचा. तेलाच्या लेपामुळे उरलेसुरले पाणी बाहेर येत नाही. चिनी कोबी मिळाला नाही तर आपला नेहमीचा कोबीही चालतो. सारण कच्चे चाखू नये. चिमूटभर तव्यावर परतून मीठ पाहावे.

पारीसाठी अर्धा किलो मैदा आणि सुमारे 260 मिलिलिटर गार पाणी पुरते. त्यात साधारण 75 ज्याओझ होतात. पीठ अर्धा-पाऊण तास झाकून ठेवले नाही तर ते लाटताना मागे ओढते. लाटीची कड पातळ आणि मधला भाग जाड हवा, म्हणून लाटणे मध्यापर्यंतच न्यायचे आणि डाव्या हाताने पारी थोडी थोडी फिरवत राहायची. मोदकाच्या कळ्या पाडायची सवय असलेले हात इथे उगाच वेळ घालवतात. कड नुसती दाबून बंद झाली तरी पुरे. फक्त तिला सारणाचे तेल लागता कामा नये.

शिजवताना मोठ्या पातेल्यात पाणी खळखळू द्यावे, ज्याओझ सोडावेत आणि ते तळाला चिकटू नयेत म्हणून डावाच्या पाठीने अलगद ढकलावेत. झाकण ठेवून उकळी आली की अर्धी वाटी गार पाणी घालायचे, आणि असे एकूण तीन वेळा करायचे. प्रत्येक वेळी उकळीचा जोर ओसरतो, त्यामुळे आतले मांस शिजेपर्यंत पारी फाटत नाही. डुकराचे मांस अर्धवट शिजलेले कधीही खाऊ नये, म्हणून ज्याओझ फुगून वर तरंगू लागल्यावरही मी एक कापून आत पाहते. गुलाबी छटा दिसली तर आणखी दोन मिनिटे ठेवते.

ताटलीत काळ्या व्हिनेगरची वाटी आणि ठेचलेला लसूण हवाच. पहिल्या घासाला कड थोडीशीच चावावी, आतला रस चमच्यात उतरू द्यावा आणि आधी तो प्यावा. पातेल्यातले पांढुरके पाणी मात्र फेकू नका. ज्यात शिजले त्याच पाण्याने ते पचते असे आयी म्हणत, आणि जेवण संपता संपता ते गरम पाणी वाट्यांत ओतून, मीठ न घालता, पेजेसारखे सगळ्यांच्या पुढे ठेवत. आमच्या घरी ते आजही तसेच वाढले जाते.