गेटपासून झोक्यापर्यंत व्हीलचेअर नेताना – आमच्या गार्डनचा १५ महिन्यांचा अनुभव

माझी नात आठ वर्षांची आहे, तिला सेरेब्रल पाल्सी आहे. घरात वॉकर धरून चालते, बाहेर व्हीलचेअर लागते. बिल्डिंगपासून दोन मिनिटांवर महापालिकेचं गार्डन, पण डिसेंबर २०२३ पर्यंत ती तिथे एकदाच गेली होती, तेही मी तिला कडेवर घेऊन आणि मुलाने व्हीलचेअर गेटवरून उचलून पलीकडे ठेवून. दुसऱ्या वेळी निघालो तर म्हणाली, आबा नको, सगळे बघतात. त्या दिवशी आम्ही गेटवरूनच परत आलो आणि मला रात्रभर झोप लागली नाही.

मी ३१ वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होतो, त्यामुळे एखादी वस्तू का चालत नाही हे आधी मोजून बघायची सवय आहे. सकाळी टेप घेऊन गेलो. टू-व्हीलर आत येऊ नयेत म्हणून गेटला वाकडेतिकडे लोखंडी पाइप लावलेले, त्यातली जागा १६ इंच आणि नातीची खुर्ची २२ इंच, म्हणजे विषय तिथेच संपला. पण आत गेल्यावर कळलं की नुसतं गेट मोठं करून काही होणार नाही. पेव्हर ब्लॉक दोन ठिकाणी खचलेले, खेळायच्या जागेभोवती सहा इंचाचा कठडा आणि आत खडी, खडीत व्हीलचेअरची पुढची छोटी चाकं रुतून बसतात. झोपाळ्याला सपाट लाकडी फळी, ना पाठ ना पट्टा, ज्या मुलाला तोल सांभाळता येत नाही ते तिथे बसूच शकत नाही.

आणि मग जे दिसलं ते सगळ्याच मुलांसाठी धोक्याचं होतं. झोपाळ्याची साखळी ज्या हुकात अडकवतात तो हुक उघडून बोट जाईल एवढा झाला होता, साखळीच्या वरच्या दोन कड्या झिजून निम्म्या राहिलेल्या. पावसाने माती वाहून गेल्याने खांबांचं काँक्रीट वीतभर वर आलेलं, म्हणजे मूल पडलं तर डोकं काँक्रीटवर. घसरगुंडीच्या वरच्या कठड्याच्या दोन पाइपांमध्ये पाच इंचाची फट. या फटीबद्दल थोडं सांगतो, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांना हे माहीत नसतं. खेळण्यांच्या सेफ्टीचे जे परदेशी नियम आहेत त्यांत साडेतीन इंच ते नऊ इंच या मधल्या फटी धोक्याच्या धरतात. लहान मुलाचं अंग पाय पुढे करून अशा फटीतून सरकतं पण डोकं अडकतं आणि मूल गळ्यावर लटकतं. फट एकतर साडेतीन इंचापेक्षा कमी पाहिजे नाहीतर नऊपेक्षा जास्त. मी प्लायवुडचे दोन तुकडे कापून घेतले, एक साडेतीनचा एक नऊचा, आणि दोन दिवसांत गार्डनमधली प्रत्येक फट तपासली. धोक्याच्या सात निघाल्या.

जानेवारी २०२४ मध्ये वॉर्ड ऑफिसला अर्ज दिला. दोन प्रती न्या आणि दुसरीवर आवक नंबर, शिक्का आणि तारीख घेऊनच बाहेर पडा, हे कुणालाही सांगीन. पहिला महिना नुसता फिरण्यात गेला. खेळणी उद्यान विभागाकडे, गेट आणि पायवाट स्थापत्यकडे, दिवे विद्युतकडे, आणि दिव्यांग म्हटलं की समाजविकासकडे जा म्हणतात. नगरसेवकाकडे जावं तर तेव्हा महापालिकेच्या निवडणुकाच झालेल्या नव्हत्या, प्रशासक बसलेले होते. मग मी चारही विभागांना एकच अर्ज एकच नकाशा जोडून दिला, आणि नकाशावर गेटपासून झोपाळ्यापर्यंत एक लाल रेघ मारली आणि ती जिथे जिथे तुटते तिथे नंबर टाकले. १ गेट, २ खचलेले ब्लॉक, ३ कठडा, ४ खडी, ५ झोपाळा. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं काम ते रेघ मारण्याचं होतं, कारण नाहीतर प्रत्येक विभाग आपला तुकडा करतो आणि मधे एक कठडा राहिला की सगळा खर्च वाया.

सुनेने कायदा काढून दिला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, कलम ४५, असलेल्या सार्वजनिक इमारती नियम आल्यापासून ५ वर्षांत सुगम्य करायच्या, नियम आले जून २०१७ मध्ये, म्हणजे मुदत जून २०२२ लाच संपली. आणि सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत करमणुकीच्या जागाही येतात. दुसरं म्हणजे महापालिकेने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा असतो. हे दोन्ही अर्जात लिहिलं. पैसे नाहीत हे उत्तर त्यानंतर कुणी दिलं नाही.

मार्चमध्ये माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. आपल्याकडे १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत, हे पाळा नाहीतर परत येतो. मी मागितलं ते एवढंच – खेळणी कधी बसवली, वर्क ऑर्डरची प्रत, दोषदायित्व कालावधी किती, आणि तपासणीच्या नोंदी. ३० दिवसांच्या आत उत्तर आलं. खेळणी २०२२ मध्ये बसवलेली, दोषदायित्व ३ वर्षं, म्हणजे मोडतोड फुकट दुरुस्त करून द्यायची जबाबदारी अजून ठेकेदाराचीच होती आणि कुणी त्याला कळवलंच नव्हतं. तपासणीच्या नोंदी नाहीत असंही उत्तरात होतं. डेपोत गाडी रोज रस्त्यावर जायच्या आधी बघतात, ठरल्या दिवशी डॉकिंगला म्हणजे देखभालीला येते, नोंद होते, सही होते. ज्या झोपाळ्यावर दिवसाला शंभर मुलं बसतात त्याच्या साखळीची एकही नोंद नाही हे वाचून मला खरंच वाईट वाटलं.

तोवर लोकसभेची आचारसंहिता लागली, नवीन टेंडर बंद. पण दुरुस्ती हे नवीन काम नाही हे मी पत्रातच लिहिलं होतं, त्यामुळे मे महिन्यात हुक, साखळ्या बदलल्या, काँक्रीटवर माती चढवली, सातपैकी पाच फटींना मधे पाइप वेल्ड केला. उरलेल्या दोन मोठ्या कामात घेऊ म्हणाले. तुमच्या गार्डनची खेळणी नवीन असतील तर आधी दोषदायित्वाची तारीख काढा, खूप काम तिथेच होतं.

जूनमध्ये उद्यान विभागाच्या जेई म्हणजे ज्युनिअर इंजिनीअर मॅडम पाहणीला आल्या, तिशीच्या आतल्या, ऐकून घेणाऱ्या. काका, आपण दिव्यांग मुलांसाठी मागच्या बाजूला स्पेशल कोपरा करू, जाळी मारून, म्हणाल्या. हेतू चांगला होता पण मी स्पष्ट नाही म्हटलं. माझ्या नातीला कोपरा नकोय, तिला तिच्या वर्गातल्या पोरींच्या शेजारचा झोका पाहिजे. बेंगळुरूत किलीकिली नावाची पालकांनीच उभी केलेली संस्था आहे, त्यांनी तिथल्या महापालिकेच्या बागांमध्ये सगळी मुलं एकत्र खेळतील अशा जागा करून घेतल्यात, त्याचे फोटो दाखवले, मॅडमना लगेच पटलं.

मग खेळणी कोणती यावर बरीच चर्चा झाली. व्हीलचेअरसकट चढवायचा मोठा झोपाळा असतो, बघायला भारी वाटतो. पण त्याचं वजन एवढं असतं की मधे एखादं पोर धावत आलं तर मोठी इजा होईल, त्याला वेगळी जाळी आणि तिथे उभा राहणारा माणूस लागतो, आणि आपल्याकडे तो माणूस चार महिन्यांत गायब होतो. म्हणून मी तो नको म्हटलं. त्याऐवजी पाठ आणि पट्टा असलेली दोन सीट नेहमीच्याच झोपाळ्याच्या रांगेत, एक टोपलीसारखा गोल झोका ज्यात झोपताही येतं आणि तीन-चार मुलं एकत्र बसतात, जमिनीच्या लेव्हलला असलेलं मेरी-गो-राउंड म्हणजे खुर्ची सरळ आत ढकलता येते, आणि वाळूचं उंच टेबल ज्याच्या खाली गुडघे जातात. बाकी पालकांना पण विचारलं. एका आईचा ऑटिझम असलेला मुलगा एकदम पळत सुटतो आणि गेटसमोरच रस्ता, तिला आपोआप बंद होणारं गेट पाहिजे होतं आणि गर्दी असह्य झाली तर बसायला शांत जागा, ती आंब्याखाली केली. एका मुलीला नजर अंधुक, तिच्यासाठी पायऱ्यांच्या कडा पिवळ्या. हे मला एकट्याला सुचलंच नसतं.

गेटचा प्रश्न अवघड होता. सकाळी फिरायला येणारे म्हणाले पाइप काढले की बाइक येणार, आणि ते बरोबर होतं, कारण व्हीलचेअर जाईल एवढ्या, म्हणजे ९०० मिलिमीटर जागेतून बाइक पण जाते. मी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये खडूने आखून बघितलं. व्हीलचेअर दीड मीटरच्या चौकोनात जागच्या जागी वळते, स्कूटर वळत नाही, तिला मागून उचलून फिरवावं लागतं. म्हणून पाइप ठेवायचे पण ९०० ची वाट आणि मधे दीड मीटर वळायला जागा. शेजाऱ्याने त्याची स्कूटर आणली, मी नातीची खुर्ची, सगळ्यांसमोर करून दाखवलं. फिरायला येणाऱ्यांचा विरोध त्या दिवशी संपला आणि त्यांच्यातल्या तिघांनी पुढे माझ्या पत्रावर सह्या केल्या.

इस्टिमेट झालं, फाइल वर गेली आणि अडकली. वरच्या साहेबांचं म्हणणं की सुगम्यतेची ही मापं मार्गदर्शक आहेत, बंधनकारक नाहीत. पाठोपाठ ऑक्टोबरमध्ये विधानसभेची आचारसंहिता. त्याच काळात ८ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, २०१७ च्या नियमांतला सुगम्यतेच्या मानकांचा नियम १५ नुसत्या शिफारशींसारखा आहे आणि तो मूळ कायद्याला धरून नाही, केंद्राने ३ महिन्यांत बंधनकारक मानकं करावीत. सुनेने त्यातली दोन पानं प्रिंट काढून दिली, मी पत्राला जोडून पाठवली. पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार पण लिहून ठेवली होती, पाठवायची वेळ आली नाही. जानेवारी २०२५ मध्ये वर्क ऑर्डर निघाली.

काम चालू असताना रोज जाऊन उभं राहा, हे कळकळीने सांगतो. वरच्या चौथऱ्याला दीड फूट चढ होता, ठेकेदाराच्या माणसांनी पाच फुटांत रॅम्प ओतायची तयारी केली होती. एकास बारा हे प्रमाण, म्हणजे दीड फुटाला १८ फूट लांबी पाहिजे. पाच फुटांच्या रॅम्पवर खुर्ची मागे उलटते, तो रॅम्प नाही, अपघात आहे. पाण्याची लेव्हल ट्यूब लावून दाखवलं, जेई मॅडमनी काम थांबवलं आणि वळण घेऊन लांब रॅम्प केला. पत्र्याची घसरगुंडी पश्चिमेला तोंड करून होती, एप्रिलमध्ये चार वाजता हात लावून बघा, चटका बसतो. ती उत्तरेला फिरवली. रबराचं फ्लोअरिंग महाग, सगळीकडे परवडलं नाही, म्हणून लाल रेघेची वाट आणि झोके, मेरी-गो-राउंडखाली रबर, बाकी खडी काढून फूटभर जाड वाळू.

एप्रिल २०२५ मध्ये सुरू झालं. नात पहिल्या दिवशी स्वतः चाकं ढकलत गेटमधून आत गेली, मी मागे होतो, मी खुर्चीला हात लावला नाही. गोल झोक्यात तिच्या शेजारी दोन पोरी येऊन पडल्या, ओळखीच्या पण नव्हत्या. अर्ध्या तासाने मी घरी चल म्हणालो तर म्हणाली, आबा तुम्ही बसा ना बाकावर.

देखभालीचं अजून मनासारखं झालेलं नाही. पहिल्याच पावसात झोक्याखाली पाणी साचलं, उतार चुकलेला, ठेकेदाराकडून नीट करून घेतला. नोंदवही मात्र सुरू झाली. आम्ही पाच जण पाळीपाळीने दर सोमवारी एक पानाची यादी घेऊन फिरतो, हुक, साखळी, नटबोल्ट, बेअरिंग, गेटचा स्प्रिंग, वाळूची जाडी, वाळूत काच किंवा कुत्र्याची घाण. हात आम्ही लावत नाही, तसं विभागाशी ठरलंय, आम्ही लिहितो आणि फोटो जेई मॅडमना पाठवतो, मिस्त्री त्यांचा येतो. सप्टेंबरमध्ये एका झोक्याचा हुक परत उघडलेला सापडला. असं दिसलं की दोरी बांधून ठेवू नका, पोरं सोडतात, सीटच काढायला सांगा. नऊ दिवस तो झोका बंद होता, पोरं नाराज झाली पण कुणी पडलं नाही.

आता टॉयलेटचं राहिलंय. दार २४ इंच आणि आत एक पायरी, त्यामुळे नातीला तासाभराच्या वर थांबता येत नाही. अर्ज दिलाय, आवक नंबर मिळालाय, पुढच्या मंगळवारी मापं घ्यायला येणार आहेत, मी टेप घेऊन असणारच आहे.