दोन संपांमधले इंद्रजाल

वेंगुर्ले, आश्विन

पाऊस सरून ऊन कडक झाले की माळ्यावरची पुस्तके अंगणात वाळत घालायची, अशी आमच्या घरची रीत आहे, आणि आज इंद्रजाल कॉमिक्सच्या मराठी अंकांची पाळी होती. खाऱ्या हवेने पानांच्या कडा तपकिरी झाल्या आहेत, काही अंकांना कसर लागली आहे. तरीही ते क्रमाने लावल्यावर एका मालिकेचा प्रकाशन-इतिहास आणि आमच्या घराचा इतिहास एकमेकांत किती गुंतलेले आहेत, हे प्रथमच स्पष्ट दिसले.

ली फॉक यांचा वेताळ, म्हणजे मूळ इंग्रजीतला बुरखाधारी नायक ‘फँटम’, १७ फेब्रुवारी १९३६ रोजी अमेरिकेतील वर्तमानपत्रांत रोजच्या चित्रमालिकेच्या रूपाने अवतरला. मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशकांनी इंद्रजाल सुरू केले, तेव्हा त्यांच्यासमोर या नायकाच्या कथांचा अठ्ठावीस वर्षांचा साठा होता. पहिले ३२ अंक एकट्या वेताळाचे निघाले आणि त्यानंतर मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी अशी इतर मंडळी आळीपाळीने येऊ लागली. वेताळाच्या कथा मूळ क्रमाने छापल्या गेल्या नाहीत. त्यामुळे एका अंकात विल्सन मॅकॉय यांचा साध्या, ठसठशीत रेषांचा वेताळ, तर दुसऱ्यात १९६१ पासून चित्रे काढणाऱ्या साय बॅरी यांचा पीळदार, छायाप्रकाशातला वेताळ, असे होत असे. मला बॅरी अधिक आवडतात, कारण त्यांच्या जंगलाला खोली आहे. पण मुखपृष्ठांच्या बाबतीत आपल्या बी. गोविंद यांच्या रंगांना तोड नाही, असेच मी म्हणेन.

भारतीय संपादकांनी कथांत काही फेरफार जाणीवपूर्वक केले. बंगालशी घोटाळा होऊ नये म्हणून वेताळाचा देश ‘देंकाली’ झाला आणि मूळ कथेतले ‘सिंग’ चाचे ‘सिंगा’ झाले. आपल्या देशातील एका आडनावाला चाचेगिरीचा डाग लागू नये, ही काळजी मला आजही योग्य वाटते. पहिला वेताळ १५३६ मध्ये चाच्यांच्या हल्ल्यातून वाचून किनाऱ्याला लागतो, अशी मूळ कथा आहे. त्या काळात पोर्तुगीजांची जहाजे आमच्या याच किनाऱ्यावरून ये-जा करत होती, त्यामुळे वेंगुर्ल्याच्या बंदरावर उभे राहून ती कथा आठवताना समुद्र परका वाटत नसे.

हे अंक आमच्याकडे येत ते काकांच्या हातून. ते परळला गिरणीत होते आणि शिमगा, मे महिना व गणपती या सुट्ट्यांना बोटीने किंवा एस.टी.ने गावी येताना मधल्या काळात साठवलेले अंक घेऊन येत. मालिका आधी मासिक होती, मग पाक्षिक झाली आणि पुढे साप्ताहिक. मुंबईच्या मुलांना ती अशा ठरावीक अंतराने मिळत असेल. कोकणातल्या आम्हा मुलांना मात्र ती चाकरमान्यांच्या सुट्टीप्रमाणे, एकदम गठ्ठ्याने मिळे, आणि मग वाडीतली सगळी मुले आमच्या ओटीवर जमून, आठवडाभर दुसरे काही न करता, एकाचा अंक संपला की दुसऱ्याने घ्यायचा अशा ठरलेल्या शिस्तीने वाचत असत. १९७६ मध्ये आबिद सुरती यांचा बहादूर या मालिकेत आला. दरोडेखोराचा मुलगा, पण वाढवला पोलीस अधिकाऱ्याने, असा हा भारतीय नायक आमच्या ओटीवर वेताळाइतकाच प्रिय झाला.

क्रमाने लावलेल्या अंकांत दोन ठिकाणी खंड पडतो. पहिला १२३ आणि १२४ या क्रमांकांचा. ते जुन्या बाजारात कितीही शोधले तरी मिळणार नाहीत, कारण प्रकाशकांकडील संपामुळे ते निघालेच नाहीत. क्रमांक ८०५ पर्यंत पोहोचूनही एकूण अंक ८०३ भरतात, त्याचे कारण हेच. दुसरा खंड केवळ आमच्या घरचा आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, काका त्या वर्षी गावी परतले ते कायमचे, आणि त्यानंतर एकही अंक घरात आला नाही. मालिका पुढेही चालू राहिली. ४४३ व्या अंकानंतर तिने सलग क्रमांक सोडून वर्ष आणि अंक अशी पद्धत स्वीकारली आणि १९९० मध्ये ती थांबली. हे सारे मी पुष्कळ नंतर, इतरांचे संग्रह पाहून जाणले. आमच्या संग्रहात नव्या पद्धतीचा एकही अंक नाही, याचे कारण कोणत्याही संग्राहकाच्या सूचीत सापडणार नाही. म्हणूनच ते येथे लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

दुपारनंतर नोंदवही आखली. अंक क्रमांक, नायक, चित्रकार आणि कोणत्या सुट्टीत आला, असे चार रकाने केले. शेवटचा रकाना काकूंना विचारून भरावा लागेल, कारण कोणत्या गणपतीला काका काय घेऊन आले, हे त्यांना अजून लख्ख आठवते. जे अंक घरात नाहीत त्यांच्यापुढची जागा मोकळी ठेवली आहे. १२३ आणि १२४ यांच्यापुढे मात्र ‘प्रकाशित नाही, संप’ असे शाईने लिहिले.