तापीच्या फुगवट्यावर शिडाची होडी

खान्देशात शिडाची होडी चालवतो म्हटलं की पहिला प्रश्न येतो, एवढं पाणी आहे कुठे? पाणी आहे. उकाईचं धरण गुजरातेत आहे, १९७२ साली पूर्ण झालं, पण त्याचा फुगवटा, म्हणजे भिंतीमागे अडून पसरलेलं पाणी, नंदुरबार जिल्ह्यात आतपर्यंत येतो. पावसाळा चांगला झाला असेल तर हिवाळ्यात हातोडा पुलाच्या खालच्या अंगाला तापी ही नदी राहतच नाही. ती पसरत जाते, काठ मागे सरकतात आणि उत्तरेला सातपुड्याची निळी रांग तेवढी उभी दिसते. या पाण्याखाली तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातली गावं गेली आहेत. काठावरची म्हातारी माणसं अजूनही बोट दाखवून सांगतात, आमचं शेत तिथे होतं. त्या पाण्यावरून जाताना हे विसरता येत नाही आणि विसरू नये.

माझी डिंगी साधी आहे. पंधरा-सोळा फूट लांब, वर छप्पर नाही, खाली केबिन नाही, इंजिन नाही. एक डोलकाठी, दोन शिडं, मधून पाण्यात खाली सोडायची फळी म्हणजे सेंटरबोर्ड, सुकाणू आणि दोन वल्ही. मुंबईहून टेम्पोत घालून आणली आणि पुलाजवळ ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून पाण्यात उतरवली. सोबत माझा आतेभाऊ होता. तो तापीकाठचाच, पोहण्यात पटाईत, तरी लाइफ जॅकेट घातल्याशिवाय मी त्याला होडीत पाय ठेवू दिला नाही.

एवढ्याशा होडीचं मला वेड लागलं ते फ्रँक डाय या इंग्रज माणसामुळे. हा मोटारी विकण्याच्या धंद्यातला माणूस. त्याची होडी वेफेअरर जातीची, नाव ‘वाँडरर’, लांबी ४.८२ मीटर. इयान प्रॉक्टरने हा नमुना १९५७ साली आखला तो लोकांनी सुट्टीत किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडावं म्हणून. डायने १९६३ मध्ये एका सोबत्याला घेऊन स्कॉटलंडहून थेट आइसलँड गाठलं. पुढच्या वर्षी नॉर्वेच्या वाटेवर त्याला आणि त्याच्या सोबत्याला नऊ नंबरचं वादळ लागलं, म्हणजे ताशी ७५ ते ८८ किलोमीटरचा वारा. होडी चार वेळा उलटली, डोलकाठी मोडली, आणि तरी दोघे नॉर्वेच्या किनाऱ्याला लागले. ‘वाँडरर’ आज इंग्लंडमध्ये फालमथच्या सागरी संग्रहालयात आहे.

बरेच जण ही हकीकत धाडसाची म्हणून सांगतात. मला ती तयारीची वाटते. उघड्या होडीत लाट आत आली की ती आतच राहते, उपसून काढेपर्यंत. म्हणून सगळं सामान बांधलेलं हवं आणि बादली हाताशी हवी. वादळात डाय शिडं उतरवून घ्यायचा आणि पुढच्या टोकाला दोर बांधून सी अँकर पाण्यात सोडायचा. ही कापडाची शंकूसारखी पिशवी. पाण्यात ती ओढ धरते, त्यामुळे होडीचं तोंड लाटेकडे राहतं. लाट आडवी बसली तर होडी उलटते, समोरून आली तर वर चढून खाली उतरते. मग आत बसलेल्यांनी पाणी उपसायचं, एकमेकांना जागं ठेवायचं आणि वारा पडायची वाट बघायची. तासन् तास. समुद्रात छोट्या होडीचं खरं काम हे आहे, आणि ते शिकायला समुद्रच लागतो असं नाही.

पाण्यात उतरलो तेव्हा वारा अजिबात नव्हता. वल्ही मारत मधल्या धारेला आलो. जाळी ओढून परत निघालेले एक आबा आमच्या शिडाकडे बघत जवळ आले आणि अहिराणीत विचारू लागले, कुठे निघालात?

“कथा चालनात भो?”

“खालच्या अंगाला, आबा. रात्री काठावरच राहू.”

“याले इंजन नही शे का?”

“नाही. वाऱ्यावर चालते.”

आबांनी सातपुड्याकडे बघितलं. “मंग दुपारले सांभाळा. तथून झोत येस. आनि पानीमा झाडंसना खुंट शेतस, नजर ठेवा.”

हे दुसरं वाक्य लाखमोलाचं होतं. बुडालेल्या झाडांची खोडं कुठे पाण्यावर हातभर दिसतात, कुठे जेमतेम पाण्याखाली असतात. आतेभाऊ पुढे पालथा झोपून पाणी बघत राहिला आणि मी सेंटरबोर्ड अर्धा वर ओढून ठेवला. समुद्रावर ही भीती नसते. उलट तिथे किनाऱ्यापासून जितकं लांब तितकं सुरक्षित, धोका असतो तो किनारा जवळ आल्यावर.

दुपारी झोत आला तो सांगितल्यासारखाच. आधी उत्तरेकडचं पाणी काळपट झालं, मग तो काळा पट्टा आमच्याकडे सरकू लागला. पट्टा पोहोचायच्या आधीच होडीचं तोंड वाऱ्याकडे वळवलं, मोठं शीड हातभर खाली घेतलं आणि खालचा कपडा गुंडाळून रीफ बांधला. शिडाचा आकार कमी झाला की जोर कमी होतो. रीफ वारा यायच्या आधी घ्यायचा, आल्यावर बोटं चालत नाहीत. त्यानंतर दोघेही वाऱ्याच्या बाजूच्या काठावर बसलो. शिडाचा दोर डाव्या मुठीत, सुकाणूचा दांडा उजवीत. झोत वाढला की दोर बोटभर सैल करायचा, ओसरला की परत ओढायचा. दोराचा पीळ तळव्यात रुततो आणि वाऱ्याची वाढ-घट डोळ्यांच्या आधी हाताला कळते. धरणातल्या लाटा छोट्या पण उभ्या आणि एकापाठोपाठ एक येणाऱ्या असतात. दर थोड्या वेळाने एखादी काठावरून आत उडायची आणि आतेभाऊ बादली मारायचा. तासाभरात दोघेही कमरेपर्यंत भिजलो.

अशा वेळी मला वेब चाइल्स आठवतो. हा अमेरिकन माणूस १९७८ साली सॅन डिएगोहून जेमतेम १८ फुटांच्या उघड्या होडीत एकटाच निघाला आणि पॅसिफिक महासागरात शिरला. फिजीच्या पुढे होडी उलटून पाण्याने भरली, उपसता येईना. सुमारे दोन आठवडे तो वाहत गेला आणि वानुआतूच्या एका बेटाला लागला. त्याही आधी, १७८९ मध्ये, बंडखोरांनी जहाजावरून उतरवून दिलेला कप्तान ब्लाय २३ फुटांच्या उघड्या होडीत १८ माणसं घेऊन टोंगाजवळून तिमोरला गेला. अंतर ३,६०० सागरी मैलांहून जास्त. टोफुआ बेटावर एक माणूस मारला गेला, बाकी सगळे त्याने तिमोरपर्यंत जिवंत नेले. अन्न रोज तोलून वाटायचं, ही शिस्त त्याने शेवटपर्यंत सोडली नाही.

संध्याकाळी एका उथळ खाडीत होडी काठाला लावली. कळण्याची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि घरून आणलेलं भरीत. सुके कपडे दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, एकात एक घालून तोंड बांधलेले, म्हणून कोरडे निघाले. काडेपेटी झाकणाच्या डब्यात, डबा पिशवीत. झोपलो मात्र होडीतच. आडव्या काठीवरून ताडपत्री टाकून तंबू केला आणि सेंटरबोर्डच्या पेटीच्या दोन बाजूंना एकेक जण आडवा झाला. कूस बदलायला जागा नाही, थंडी कडाक्याची. डाय आणि त्याचा सोबती उत्तर अटलांटिकवर असेच राहिले, तेही ओल्या कपड्यांत.

परतीला वारा तोंडावर होता. शिडाला वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाता येत नाही, म्हणून नागमोडी टॅक घेत, या काठाहून त्या काठाकडे, वर आलो. सरळ अंतराच्या जवळजवळ दुप्पट पाणी कापावं लागलं.

कुणाला जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. उन्हाळ्यात पाणी ओसरतं आणि खुंट वाढतात. आधी जलसंपदा विभागाकडे आणि मासेमारीचा ठेका असलेल्यांकडे विचारून घ्या. जाळ्यांवरून होडी नेऊ नका, ती कुणाची तरी रोजीरोटी आहे. धरणाच्या भिंतीच्या दिशेला फिरकूच नका.

तापीवरून सरळ समुद्रात उतरावं असं मलाही वाटतं. पण मध्ये उकाई आहे, पुढे काकरापारचा बंधारा, मग सुरतेचा. आणि मुखाशी खंबातच्या आखाताची भरती-ओहोटी इतकी मोठी की तिथला ओढा लहान शिडाला जुमानत नाही. म्हणून समुद्राची सुरुवात कोकणातून करायची ठरवली आहे, किनाऱ्याकिनाऱ्याने, दर संध्याकाळी बंदर गाठत. त्याआधी या शिडाला रीफची दुसरी ओळ शिवून घ्यायची आहे आणि सी अँकरची पिशवी नंदुरबारच्या ताडपत्रीवाल्याकडे टाकली आहे.