मोठं पातेलं जमिनीवर

छोटं पातेलं चुलीवर उकळतंय. बरं. मोठं पातेलं जमिनीवर उकळतंय. आता हे कसं काय?

वेल्समध्ये स्वान्सीला लेकीकडे राहायला गेले होते, तेव्हा कुंपणापलीकडच्या आजोबांना मी हे विचारलं. वाफ्यातलं तण उपटताना ते सतत एकच गाणं गुणगुणायचे, ‘सॉस्बन वाख’. म्हणजे वेल्श भाषेत छोटं सॉसपॅन. वरची पातेली त्याच गाण्यातली. आजोबा हसले. म्हणाले, ‘वाउर’ म्हणजे मोठं, ‘ह्लाउर’ म्हणजे जमीन, जुळतात की नाही? झालं! यमकापायी मोठ्या पातेल्याची चुलीवरची जागा गेली.

हा ‘ह्ल’ही एक प्रकरणच. जीभ ‘ल’साठी टाळूला लावायची आणि आवाज न करता बाजूंनी नुसती हवा सोडायची. मला आठवडाभर शिट्टीच येत होती. नातवाला मात्र पहिल्या दिवशी जमलं. त्यानंच मला सांगितलं, की सॉस्बन ती असते म्हणून ‘वाख’, पण छोटा जॉनी तो, म्हणून ‘जॉनी बाख’. आपण छोटा-छोटीचा शेवट बदलतो, हे लोक सुरुवातच बदलतात.

गाण्यात घडतं काय? मेरी अॅनचं बोट दुखावलंय. गडी दावीद आजारी आहे. पाळण्यातलं बाळ रडतंय. मांजरीनं छोट्या जॉनीला ओरबाडलंय. आणि मध्येच कुठून तरी एक छोटा दाय येतो, शिपाईगडी, सदऱ्याचं शेपूट बाहेर लोंबतंय असा. त्याचा बाकीच्यांशी काय संबंध, विचारू नये. मला खरा प्रश्न पडला तो वेगळाच. हे सगळं निस्तरतंय कोण? दोन पातेली, एक पाळणा, एक आजारी माणूस, आणि या घरातल्या बाईचा गाण्यात उल्लेखही नाही. बहुतेक तीच गात असणार. तक्रारीला दुसरी सवड कुठली?

लिहिलं मात्र पुरुषांनी. रिचर्ड डेव्हिस हा कवी ‘मनदॉग’ या नावानं लिहायचा. त्याचं एक कडवं १८७३ सालचं. पुढे टॅलॉग विल्यम्स नावाच्या गृहस्थानं त्यात फेरफार केले, भर घातली, आणि आज गातात ते गाणं बहुतांशी त्याचं. लोकगीत म्हणतात तरी दोघांची नावं ठाऊक आहेत, हे विशेष.

मग ते गाणं लानेल्ली या गावाचं झालं. स्वान्सीहून आगगाडीनं जवळच. लोखंडाच्या पत्र्यावर कथलाचा मुलामा देण्याचे कारखाने तिथे इतके, की गावाला ‘टिनोपोलिस’, म्हणजे कथलाचं शहर, म्हणत. सॉसपॅनही तिथे बनायची. कथील म्हटल्यावर मला आमच्या आळीतला कल्हईवाला आठवला. भाता, नवसागराचा पांढरा धूर, तापल्या पातेल्यात कापसाच्या बोळ्यानं फिरवलेली चांदीसारखी लकाकी, आणि पाण्यात बुडवताना होणारा चर्र आवाज. धातू तोच. आमच्याकडे तो पितळेवर चढायचा, त्यांच्याकडे लोखंडावर, आणि पत्रे जहाजं भरभरून परदेशी जायचे. सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक अमेरिका. तिनं १८९१ मध्ये जबर आयातकर बसवला आणि कारखान्यांच्या भट्ट्या विझू लागल्या. चुलीवरचं पातेलं उकळतंय, एवढंही त्या काळात कुणाकुणाच्या घरी सुखाचं वाटलं असेल.

गावाच्या रग्बी संघानं हेच गाणं उचललं. स्ट्रेडी पार्क या त्यांच्या मैदानावरच्या गोलखांबांच्या टोकांवर चक्क लाल सॉसपॅन बसवलेली असत. ३१ ऑक्टोबर १९७२ रोजी तिथे लानेल्लीनं न्यूझीलंडच्या राष्ट्रीय संघाला, ‘ऑल ब्लॅक्स’ना, ९-३ असं हरवलं. त्या दिवशी गावातल्या पबांमधली बिअर संपली, असं अजून सांगतात. आजोबा ते सांगताना खुरपं खाली ठेवतात. धिप्पाड बाप्ये हजारोंनी उभे राहून, गळ्याच्या शिरा ताणून, मेरी अॅनच्या दुखऱ्या बोटाबद्दल गातात! पोवाडा नाही, लढाई नाही. स्वयंपाकघर.

दुसरं कडवं आजोबांनी मला सावकाश म्हणून दाखवलं. मेरी अॅनचं बोट बरं झालंय. दावीद कबरीत आहे. पाळण्यातलं बाळ मोठं झालंय. मांजर शांतपणे गेली. चार ओळींत सगळी वर्षं सरली. ऐकून मी जरा गप्पच झाले. आजोबांच्याही हातातलं तण तसंच राहिलं.

नातवाला हे कडवं मुळीच आवडत नाही. मांजर मरते म्हणून. तो ते कसंबसं पुटपुटतो आणि धावत ध्रुवपदावर येतो. तिथे छोटी सॉस्बन चुलीवर असते, मोठी जमिनीवर, आणि मेलेल्या मांजरीनं जॉनीला पुन्हा ओरबाडलेलं असतं.