पांढरं फूल नेमकं कुठे अडलं?

जांभळ्या रानफुलांच्या ताटव्यात एखादंच झाड पांढरं दिसलं की ‘माती वेगळी असेल’ असं चटकन म्हटलं जातं. हायड्रेंजियाने हा गैरसमज पसरवलाय. आम्लयुक्त मातीतलं ॲल्युमिनियम शोषून त्याची फुलं निळी होतात, ते खरंच आहे. पण मुळं एकमेकांत गुंतलेली दोन झाडं दोन रंगांची असतील, तर कारण बहुतेक वेळा जनुकातच असतं.

त्याआधी फुलाचं वय बघा. घाणेरीच्या गुच्छात कडेची गुलाबी-लाल फुलं शिळी असतात आणि मधली पिवळी ताजी. तुलना नेहमी नुकत्याच उमललेल्या फुलांची करावी.

लाल, किरमिजी, निळा, जांभळा हे रंग मुख्यतः अँथोसायनिनचे. हे रंगद्रव्य विकरांच्या (एन्झाइमच्या) साखळीतून टप्प्याटप्प्याने बनतं आणि एक टप्पा बंद पडला तरी फूल पांढरं होऊ शकतं. म्हणूनच पांढरी रूपं इतक्या जातींत पुन्हापुन्हा निघतात. बिघाड कुठे आहे याचा अंदाज खोडावरून येतो. फूल पांढरं, पण खोड आणि पेरं लालसर असतील, तर साखळी शाबूत आहे. फक्त पाकळीत ती चालू करणारं नियंत्रक जनुक गप्प आहे. खोडही निव्वळ हिरवं असेल तर विकरच निकामी असण्याची शक्यता जास्त. मात्र दोन्ही झाडांना सारखंच ऊन हवं, कारण सावलीत धडधाकट झाडाचं खोडही हिरवंच राहतं.

दुसरी चाचणी अमोनियाची. झाकणाच्या बाटलीत अमोनियाच्या द्रावणाचे दोन-तीन थेंब टाका आणि पांढरी पाकळी द्रावणाला न टेकवता वर अडकवा. ती पिवळी पडली तर तिच्यात रंगहीन फ्लेव्होनॉइड (अँथोसायनिनच्याच कुळातली रसायनं) आहेत, म्हणजे साखळीचे सुरुवातीचे टप्पे चालू आहेत. वाफ हुंगू नका.

पांढरं रूप निर्माण होणं सोपं; ते टिकतं कसं, हा खरा प्रश्न. अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटातल्या लिनँथस पॅरीई या चिमुकल्या वनस्पतीची निळी-पांढरी फुलं हा निव्वळ योगायोगाचा खेळ, असं जनुकशास्त्रज्ञ सीवॉल राइट यांचं मत होतं. 2001 मध्ये शेमस्के आणि बिअरझिचुडेक या संशोधकांनी अनेक वर्षांच्या नोंदींवरून दाखवलं की कोरड्या वर्षी निळी झाडं जास्त बी धरतात, भरल्या वर्षी पांढरी. भुंग्यांना मकरंद न देता फसवणाऱ्या डॅक्टिलोऱ्हायझा सँब्युसिना या ऑर्किडमध्ये मात्र विरळ रंगाला फायदा होतो, असं प्रयोगात दिसलं. फसलेला भुंगा दुसऱ्या रंगाकडे वळतो. नैसर्गिक ताटव्यांत हा निकाल सगळीकडे जुळला नाही, त्यामुळे हे उदाहरण जरा जपून वापरावं.

स्वतः मोजणार असाल तर फुलं नव्हे, झाडं मोजा. आडव्या खोडाने पसरणाऱ्या जातीत शंभर पांढरे देठ एकाच झाडाचे असू शकतात.

वारसा तपासायचा तर कळ्यांना बारीक जाळीची पिशवी बांधून स्वपरागणाचं बी धरा. अप्रभावी (जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या तरच दिसणाऱ्या) पांढऱ्याची सगळी रोपं पांढरीच निघतील. काही जाती स्वतःचा पराग स्वीकारत नाहीत आणि पिशवी रिकामी राहते. मग दोन पांढऱ्या झाडांचा हाताने संकर करा. त्यातून रंगीत रोपं आली, तर ती दोन झाडं वेगवेगळ्या जनुकांमुळे पांढरी आहेत. बेटसन आणि पनेट या जनुकशास्त्रज्ञांना स्वीट पी या फुलवेलीच्या दोन पांढऱ्या झाडांच्या संकरातून जांभळी फुलं मिळाली, ती याच कारणाने.