पुराचं पाणी प्यायलेलं कपाट

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका घरातून साडेसहा फुटी लोखंडी कपाट उद्यमनगरात आमच्याकडं रंगाला आलं. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावरची 43 फुटांची धोका पातळी ओलांडली, तेव्हा हे मांडीभर पाण्यात उभं होतं. पूर ओसरल्यावर कुणीतरी नुसता पॉलिश पेपर फिरवून त्यावर इनॅमल, म्हणजे ऑइल पेंट, मारलेला. आता खालच्या वीतभर भागात फोड आले होते. त्या घरच्या काकू म्हणाल्या, "वरनं चांगलंच हाय की. एक हात मारून द्या."

फोडावर स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवलं, ते आरपार गेलं.

दार बिजागरीतून काढून आडवं केलं, तेव्हा खरा प्रकार कळला. दाराचा पत्रा खाली आत दुमडलेला असतो. त्या घडीत पुराचा गाळ बसून दगडासारखा झाला होता. दर पावसाळ्यात तो ओल धरणार आणि पत्रा आतून खाणार. बाहेर फोड दिसेपर्यंत आतलं काम उरकलेलं असतं. हॅक्सॉच्या तुटक्या पात्यानं गाळ उकरला, कॉम्प्रेसरनं हवा मारली, तरी तपकिरी भुगा पडतच होता. कुजलेली पट्टी कापून 20 गेज जाडीचा पत्रा लावला. वेल्डिंग सलग ओढायचं नाही, लांब लांब टाके द्यायचे. नाहीतर पातळ पत्रा तापून पोट काढतो.

बाकी गंज आधी वायर ब्रशनं, मग 80 आणि 120 नंबरच्या पेपरनं काढला. जुना रंग मात्र वॉटर पेपरनं, ओलाच घासावा. घरगुती रंगातल्या शिशाला 90 पीपीएमची (दहा लाखांत 90 भाग) मर्यादा 2017 च्या नोव्हेंबरपासून आली. कपाट त्याआधीचं, त्याची धूळ नाकात नको. खड्ड्यांत राहिलेल्या गंजाला फॉस्फोरिक आम्लाचं रस्ट रिमूव्हर लावलं, वीसेक मिनिटं ओलं ठेवलं, पाण्यानं पुसलं आणि हॉट एअर गननं सांधे वाळवले. आमच्याकडच्या जुलैच्या हवेत उघडा पत्रा बघता बघता पिवळा पडतो, म्हणून रेड ऑक्साइड प्रायमरचा (गंजरोधक अस्तराचा) पहिला हात त्याच दिवशी.

घडीसाठी तोच प्रायमर टर्पेंटाइननं पातळ करून आत ओतला, दार चारी बाजूंना कलतं केलं आणि जास्तीचा निथळू दिला. त्याआधी घडीच्या तळाला 5 मिलिमीटरची तीन भोकं पाडून घेतली होती. पाणी आत जाणारच, त्याला बाहेर यायला वाट पाहिजे.

लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, पातळच भरावी, एका हातात जाड भरली की वाळताना तडकते. ती 320 नंबरच्या पेपरनं घासल्यावर जिथं पत्रा उघडा पडला तिथं परत प्रायमर. काकूंच्या लेकाला गाडीसारखा चकचकीत ड्युको, म्हणजे थिनरमध्ये कालवून फवारायचा रंग, हवा होता. जुन्या इनॅमलवर तो चालत नाही. थिनरनं खालचा थर सुरकुततो आणि सगळं खरवडायची वेळ येते. मग इनॅमलचेच दोन हात दिले, मध्ये रात्रभर वाळवून. बाहेरून सव्वा लिटर रंग गेला.

घरी पोचवल्यावर दार चार दिवस किलकिलं ठेवायला सांगितलं. रंग हाताला सुका लागला तरी आत मऊ असतो, बंद दार चौकटीला चिकटतं आणि उघडताना पापुद्रा निघतो.